काजूच्या टरफलाचं तेल आणि माझी पाठ

आमच्या गल्लीत एक नवी सून आली आहे. तिच्या हातांवर काहीतरी उठलंय आणि सासरच्यांनी तिचं ताट-वाटी वेगळी केली आहे. परवा ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, आजी, तुम्हालाही असंच झालं होतं म्हणतात, खरं का? तिला तोंडी सांगितलंच, पण तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं उरतं. म्हणून लिहून ठेवते आहे.

मला जे झालं होतं ते काजूच्या टरफलातल्या तेलानं. आज हे एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. तेव्हा निजामाचं राज्य होतं, बाहेर जर्मनीची लढाई चालली होती आणि आमच्या जालन्यात टरफलासकट काजू कुणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. काजू म्हणजे लग्नाच्या पंगतीत श्रीमंताच्या शिऱ्यात सापडणारी गोड वस्तू. ती अंग भाजून काढील हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. त्यामुळे मी माणसांवर संशय घेतला. माझा स्वभाव मुळातच संशयी आहे, दूधवाल्यानं चांगलं दूध दिलं तरी आज का दिलं असं मला वाटतं. पण त्या वर्षी मला संशय घ्यायला घरच्यांनीही काही कमी कारणं दिली नाहीत.

गोठ्याशेजारची खोली

माझं माहेर केदारखेड्याचं, शेतकऱ्याचं घर. सासर जुन्या जालन्यात. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, माझे मालक, मी आणि आमची शांता. शांता तेव्हा नुकती चालायला लागली होती. मालक स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला होते. मोजकं बोलणारे. त्यांच्या तोंडून दिवसभरात जेवढे शब्द निघत तेवढे माझे एका भाकरीला होत.

महिन्याच्या दिवसांत मला बाजूला बसावं लागे. गोठ्याला लागून एक लहान खोली होती, तिथं. ताट वरून वाढायचं, पाणी वरून ओतायचं, अंथरूण म्हणून एक जुनं लुगडं, कारण गादी-गोधडी विटाळते. त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी पाऊल टाकत नसे. आत्याबाईंचं ते वय सरलं होतं, आणि पुरुषमाणसानं तिकडं बघायचंही नाही असा रिवाज. पूर्वी मी तिथं जमिनीवर निजत असे. जमिनीला वाळवी, भिंतीला विंचू. मग एका खेपेला गेले तर तिथं फळ्यांचा एक बुटका दिवाण ठेवलेला. पाच फळ्या, मधे बोट जाईल एवढ्या फटी, आणि मधली फळी बाकीच्यांहून अरुंद. रंगानं काळपट, हाताला किंचित चिकट, वास उग्र. मला वाटलं, गोठ्याचा वास लागला असेल. आत्याबाईंनी गड्याकडून ठोकून घेतला असावा असं मी धरून चालले. विचारलं नाही, कारण त्या खोलीतल्या गोष्टींबद्दल कुणी कुणाशी बोलत नसे.

त्याच खेपेला बाहेर आले, न्हाले आणि अंगाला खाज सुटली. आधी पाठ, मग दंड, मांड्या. दुसऱ्या दिवशी लाल चट्टे, मग त्यावर पाण्याचे फोड. खाजवलेला हात डोळ्यांना लागला असावा, कारण सकाळी उठले तर डोळे उघडेनात. शांता माझ्याकडे बघून किंचाळली आणि आत्याबाईंच्या पदरात तोंड खुपसून बसली. फोडांनी झालं नाही एवढं दुखणं मला तेव्हा झालं.

बिब्बा

आमच्याकडे असं अंग उठलं की पहिला शब्द एकच, बिब्बा उतला. बिब्ब्याचं तेल ज्याला सोसत नाही त्याचं अंग असंच भाजून निघतं. मला लहानपणी एकदा उतला होता, म्हणून माझ्या लग्नातच माझ्या आईनं सांगून ठेवलं होतं, पोरीच्या वाऱ्याला बिब्बा नको. आत्याबाईंनी त्याप्रमाणे घरातले बिब्बे शेजारी देऊन टाकले होते. निदान तसं त्या म्हणत.

आता मी विचार करायला लागले. घरात बिब्बा नाही, मग उतला कसा? कुणीतरी आणला. धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करतो, पण माझे कपडे मी स्वतः धूत होते. राहिल्या आत्याबाई. मला पहिली मुलगी झाली याचा त्यांना आनंद झाला होता असं त्या सगळ्यांना सांगत, आणि जी गोष्ट माणूस सगळ्यांना सांगत सुटतो ती मला कधी खरी वाटत नाही. त्यांनी खोबरं वाटून माझ्या अंगाला लावलं तेव्हा मी वाटीचा वास घेऊन बघितला. त्यांच्या लक्षात आलं. त्या वाटी खाली ठेवून निघून गेल्या.

खपल्या धरल्या, गेल्या. महिना उलटला, पुन्हा बाजूला बसले आणि पुन्हा तेच, पहिल्याहून दुप्पट. हकीम आले, त्यांनी लांबून बघितलं, रक्त खराब आहे म्हणाले आणि एक कडू काढा देऊन गेले. मग आमचे चुलत सासरे आले. त्यांनी ओसरीवर बसून, मला ऐकू जाईल अशा आवाजात, तो शब्द काढला. महारोग. आज त्या रोगावर औषध आहे, तो बरा होतो. तेव्हा तो शब्द उच्चारला की माणूस जिवंतपणी घरातून वजा होई. चुलत सासऱ्यांचं म्हणणं साधं होतं. हिला महारोग्यांच्या आश्रमात धाडा, पोरीला आजीजवळ ठेवा आणि पोराचं दुसरं लग्न लावा. त्यांच्या मेव्हण्याची मुलगी लग्नाची होती, हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं.

मालक काय म्हणतात ते ऐकायला मी कान लावून बसले. मला ऐकू आला तो त्यांच्या वहाणांचा, दाराबाहेर जाणारा आवाज.

निर्णय होईपर्यंत मला वेगळं ठेवायचं ठरलं. वेगळं म्हणजे कुठे? त्याच गोठ्याशेजारच्या खोलीत, त्याच दिवाणावर. मी तिथं दिवसचे दिवस पडून राहिले आणि माझं अंग सोलत गेलं. फोड फुटून लुगडं पाठीला चिकटायचं, ते ओढून काढताना मी दातांखाली पदर धरायची. शांतेचा आवाज भिंतीपलीकडून यायचा. ती मला हाक मारायची बंद झाली तो दिवस मला अजून आठवतो.

मिशनचा दवाखाना

शेवटी मालकांनीच मला टांग्यात घातलं आणि गावाबाहेरच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं. आत्याबाई दारातून ओरडत होत्या की तिकडं बाटवतात. मालकांनी टांगेवाल्याला हाकायला सांगितलं. मला वाटलं, घरात मेले तर बोल लागेल म्हणून बाहेर नेताहेत.

दवाखान्याचे दिवस एकसारखे. सकाळी घंटा, प्रार्थना, मग काचेची नळी जिभेखाली. ती नळी आधी कुणाच्या तोंडात होती हे मी रोज विचारी आणि नर्स रोज कपाळाला हात लावी. मग जांभळ्या पाण्यानं अंग पुसणं, पांढरं मलम. त्या जांभळ्या पाण्यावरही माझा विश्वास नव्हता. मला वाटे, बाटवतात ते याच पाण्यानं. पण त्या पाण्यानं आग थांबायची, आणि आग थांबली की कुठल्या का देवाचं असेना, असं वाटून मी डोळे मिटायची.

घरून आत्याबाईंचा डबा यायचा. तो मी खात नसे. शेजारच्या खाटेवर भोकरदनकडची एक बाळंतीण होती, तिला द्यायची. आठवडाभरात ती चांगली गुटगुटीत झाली, तिच्या अंगावर एक पुरळही उठलं नाही. मला त्याचंही वाईटच वाटलं. डब्यात काही नाही, तर मग कशात आहे?

आमच्या डॉक्टरीणबाई मूळच्या कारवारकडच्या. करड्या चेहऱ्याच्या पण हात हलका. त्यांनी पहिल्याच दिवशी सुई घेऊन माझ्या कातडीला ठिकठिकाणी टोचलं आणि मला कळतंय का विचारलं. मी प्रत्येक टोचणीला ओरडले. त्या म्हणाल्या, ओरड, चांगलं आहे, महारोग असता तर तुला कळलं नसतं. आयुष्यात ओरडून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. पण हे घरी कोण सांगणार आणि सांगितलं तरी कोण मानणार? पाठीवर औषध नर्स लावी, तेही ओल्या फडक्यानं घाईघाईत. सबंध पाठ खपल्यांनी भरली होती, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

मी बरी झाले, घरी गेले. घरात निजले तोवर ठीक. महिना भरला, बाजूला बसले, आणि पुन्हा टांगा, पुन्हा तीच खाट. या वेळी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर टेकल्या. मग त्यांनी विचारलं, "तू इथं बरी होतेस आणि घरी जाऊन आजारी पडतेस. घरात कोण आहे गं?"

त्यांनी सहज विचारलं असेल. मी मात्र घरातली माणसं एकेक करून मनात मोजायला लागले.

काळी नखं

पहिल्या खेपेला घरी नेताना टांग्यात मी मालकांचे हात पाहिले होते. नखांच्या कडा काळ्या, बोटांच्या टोकांची सालं निघालेली. बिब्बे फोडणाऱ्या बायांची बोटं अशी असतात. मी बघते आहे म्हटल्यावर त्यांनी हात धोतराच्या सोग्यात घेतले. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, धक्क्यावर डांबर लागलं. आता लढाईमुळे डांबर महिनोन्‌महिने येत नाही अशी कुरकुर त्यांनीच माझ्यासमोर केली होती. म्हणजे खोटं. ज्या माणसाला बोलायचाच कंटाळा, तो खोटं बोलायची तसदी का घेईल?

दुसऱ्या खेपेला ते दवाखान्यात यायचे कमी झाले. आले तर खाटेजवळ येत नसत, दारात उभे. भर उन्हाळ्यात अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या. शांता बरी आहे का विचारलं तर म्हणाले, बरी आहे. कडेवर घेता का तिला, आईची आठवण काढते का, असं विचारलं तर म्हणाले, आत्ता नाही घेत. का नाही घेत विचारलं, तर ते धक्क्याकडे निघाले.

मी सगळं जोडत बसले. काळी नखं, डांबराचं खोटं, लांब उभं राहणं, चुलत सासऱ्यांची ती मुलगी. माझ्या मनात ठरलं की माझा नवराच मला मारतो आहे. आत्याबाईंच्या हातून नव्हे, स्वतःच्या हातानं. असं ठरलं तेव्हा मी रडले नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, कारण न कळणं मला रोगापेक्षा जड होत होतं. मी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, निरोप धाडला की गाडी घेऊन या आणि मला कायमची घेऊन चला. शांतेचं काय करायचं एवढंच मला सुचत नव्हतं. पोर सासरची, ती मला देणार नाहीत. ती ठेवून गेले तर जीव वाचेल पण पोर जाईल, आणि पोरीसाठी परत गेले तर मरेन.

सदरा

दादा आला तो बैलगाडी घेऊन, तापलेल्या डोक्यानं. माझे फोड वाळले होते, डॉक्टरीणबाईंनी घरी जायला हरकत नाही म्हटलं होतं. माझं बोचकं गाडीत टाकून मी दवाखान्याच्या ओसरीवर बसले होते आणि तेवढ्यात मालक आले. दादाला बघून ते थबकले, मग खांबाला टेकायला गेले आणि पाठ खांबाला लागताच झटका बसल्यासारखे पुढे झाले. ते वळले तेव्हा मला त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर पिवळट डाग दिसले. ते डाग मी ओळखते. माझी लुगडी तसल्याच डागांनी वाया गेली होती.

मी म्हटलं, "सदरा काढा."

ते म्हणाले, "इथं? काय बोलून राह्यली?"

"काढा म्हणते ना. पाठ दाखवा."

दादा मधे पडला, म्हणाला, त्याची पाठ बघून काय करती, चल. पण मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले. मग त्यांनी गुंड्या काढल्या. सदरा पाठीवरून सोडवताना त्यांनी दातांवर दात रोवले, ते सोडवणं कसलं असतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

पाठीवर आडवे पट्टे होते. रुंद पट्टा फोडांचा, मग बोटभर कोरी कातडी, पुन्हा रुंद पट्टा, पुन्हा बोटभर कोरं. मधला पट्टा बाकीच्यांहून अरुंद. त्या फळ्यांवर मी इतके दिवस काढले होते की अंधारात हात फिरवूनही मी त्या सांगितल्या असत्या. माझी पाठ मला कधी दिसली नव्हती. ती मी त्या दिवशी त्यांच्या अंगावर पाहिली.

मी विचारलं, "त्या दिवाणाला काय लावलंय?"

आणि मग हा माणूस बोलला. लग्नानंतर एका दमात इतकं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"वाळवी लागू ने म्हणून तेल लावल्तं. मीच ठोकला तो दिवाण, खोक्याच्या फळ्याईचा. तू भुईवर निजायची, इच्चू निघायचे तिथं. डांबर भेटंना, तं गोव्याकडच्या गार्डानं काजूच्या टरफलाच्या तेलाचा डबा देल्ता. तिकडं होड्याईला लावतेत म्हणे. तुला पहिल्यांदा झालं तवा म्हणलं काई किडंबिडं चावून राह्यलं, म्हणून दर खेपंला आणखी एक हात मारला. बिब्बा असता तं हात बी लावला नसता. पण काजू तं आपुन खातो."

काय चावतं ते बघावं म्हणून मी दवाखान्यात असताना ते स्वतः तिथं जाऊन निजले होते. मग त्यांचंही अंग उठलं.

दादानं डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी मालकांची पाठ पाहिली, काजूचं नाव ऐकलं आणि तिथल्या बाकावर बसूनच घेतलं. त्यांच्या गावाकडे काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांना हेच होतं, म्हणाल्या. टरफलातला चीक आणि बिब्ब्याचं तेल एकाच घराण्यातलं, ज्याला एक सोसत नाही त्याला दुसरंही सोसत नाही. बिब्ब्याचं मी तुला विचारलं होतं, म्हणाल्या, पण काजूचं जालन्यात कोण विचारील? फळ्या जाळू नका, पुरा, धूर लागला तर घरादाराचे डोळे सुजतील, असं त्यांनी दोनदा बजावलं. वाचणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

दादाचं समाधान झालं नव्हतं. त्यानं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "बिब्बा न्हाई तं काजू. पण लावलं कुणी? त्यानंच ना? मंग डांबर म्हणून खोटं का बोलला?"

प्रश्न बरोबर होता. मी दादाची बहीण आहे, तो माझ्याही मनात आलाच होता. मी तशीच मालकांसमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं. ते खाली बघत म्हणाले, त्या खोलीत बाप्या गडी जातो, बायकोसाठी दिवाण ठोकतो, हे मायला कसं सांगू? ते मला पटलं. पण दुसरी गोष्ट पटत नव्हती. स्वतःच्या अंगावर फोड आले, तेव्हा त्यांना काय वाटलं?

"तुझंच लागलं, असं वाटलं," ते म्हणाले.

"महारोग?"

"व्हय."

म्हणून ते लांब उभे राहत होते. म्हणून शांतेला कडेवर घेत नव्हते. घरात एकटे पाठीचा पू पुसत होते, इतक्या उन्हाळ्यात जाड सदरा घालून धक्क्यावर पोती मोजत होते, आणि सगळं आपल्याला माझ्यामुळे झालं असं धरून चालले होते. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? हकीम होता, आत्याबाई होत्या, हा दवाखाना होता. इतके दिवस अंगावर काढायचं कारण काय?

"मलाबी झालं म्हणलो असतो, तं काका म्हणले असते, बघा, लागतंय तिचं," ते म्हणाले. "मंग तुला दुसऱ्या दिवशीच धाडलं असतं."

दादानं ते ऐकलं. तो गाडीकडे गेला आणि त्यानं माझं बोचकं खाली काढून ठेवलं. मी नर्सकडून पांढऱ्या मलमाची डबी मागून घेतली. ओसरीवर बायाबापड्या बघत होत्या, डॉक्टरीणबाई बघत होत्या. मी मालकांना बाकावर पाठमोरं बसवलं आणि वरच्या पट्ट्यापासून मलम लावायला सुरुवात केली.